कियांतीच्या डोंगरातले ब्रोलियो : शेतीच्या आधाराने उभा राहिलेला पाहुणचार

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या ईशान्येला, गायोले इन कियांती या लहानशा गावाच्या हद्दीत ब्रोलियोचा किल्ला उभा आहे. त्याच्या भोवतीची सुमारे १२०० हेक्टर जमीन रिकासोली या सरदार घराण्याकडे इ. स. ११४१ पासून असून, इटलीत आजही वाईन बनवीत असलेल्या सर्वांत जुन्या घराण्यांत त्याची गणना होते. या जमिनीपैकी साधारण २४० हेक्टरांवर द्राक्षमळे आहेत, काही भागात ऑलिव्हची झाडे आहेत आणि उरलेला बराच भाग रानाचा आहे. पाहुण्यांसाठी येथे किल्ला व बाग पाहण्याची सोय आहे, तळघरांची फेरी आहे, वाईनचे आस्वादन आहे, किल्ल्याखाली झाडांच्या सावलीत जेवणाचे ऑस्टेरिया आहे आणि मुक्कामासाठी मोजक्या खोल्याही आहेत. युरोपच्या सहलीला निघणाऱ्या गोवेकरांच्या कार्यक्रमात रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा ही ठिकाणे ठरलेली असतात; त्यांतून वेळ काढून ब्रोलियोला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. दृश्य सुंदर आहे आणि वाईन उत्तम आहे, एवढी कारणे खरे तर पुरेशी आहेत, पण माझे मुख्य कारण वेगळे आहे. येथे पाहुणचार शेतीच्या जोरावर चालतो आणि पाहुण्यांसाठी शेती बाजूला सारलेली कुठेही दिसत नाही. भाटे आणि कुळागरे या पिढीजात बागायती एकामागून एक विक्रीला निघताना पाहणाऱ्या आपल्या लोकांनी ही घडी जवळून पाहणे मला फार अगत्याचे वाटते.

गोव्याहून इटलीला थेट विमान नसल्याने मुंबईमार्गे किंवा आखातातल्या एखाद्या विमानतळामार्गे रोम अथवा फ्लॉरेन्स गाठावे लागते आणि तेथून सिएनाला यावे लागते. सिएनापासून ब्रोलियो वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे, मात्र रस्ता डोंगरातला व वळणावळणाचा आहे आणि बसगाड्यांवर विसंबून हा परिसर नीट पाहून होत नाही. भाड्याची मोटार घेणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. इटलीत वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे. ती आपल्याकडच्या मर्यादेहून थोडी सैल असली, तरी आस्वादनाच्या चार पेल्यांत ती सहज ओलांडली जाऊ शकते. म्हणून गाडी चालवणाऱ्याने वाईन चाखून थुंकावी, त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेलेच असते, आणि तसे करणे तेथे जाणकारीचे लक्षण मानले जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे तेथेच मुक्काम करावा.

किल्ल्याचा इतिहास थोडा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. ब्रोलियो सिएनाच्या अंगणात असले, तरी रिकासोली घराणे फ्लॉरेन्सच्या बाजूचे होते. या दोन नगरराज्यांचे वैर शतकानुशतके चालले आणि सरहद्दीवरचा हा किल्ला प्रत्येक लढाईत भरडून निघाला. १४७८ साली आरागोन आणि सिएनाच्या फौजांनी तो घेतला व पुढे तो पाडला गेला. १४८४ नंतर फ्लॉरेन्सने तो पुन्हा बांधला. आज दिसणारी बुरुजांची जाड तटबंदी त्या काळातली आहे आणि तोफांचा मारा लक्षात घेऊन बांधलेल्या इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या तटबंद्यांत ती मोडते. दुसऱ्या महायुद्धातल्या माऱ्याच्या खुणाही भिंतीवर तशाच आहेत. सरहद्दीवरच्या किल्ल्याचे नशीब फोंड्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गावचा मर्दनगड १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, १६८३ मध्ये पोर्तुगीजांनी त्याला वेढा दिला आणि संभाजी महाराजांनी तो सोडवला. त्यामुळे तटावर उभे राहून सिएनाचे मनोरे दुरून दिसले, तेव्हा हा किल्ला येथेच का, हे मला नकाशा न पाहता कळले.

तटाच्या आत करड्या दगडांमध्ये लाल विटांची एक भव्य इमारत अचानक समोर येते आणि ती प्रथम परकी वाटते. ती एकोणिसाव्या शतकातली, बॅरन बेत्तीनो रिकासोली यांनी गॉथिक धर्तीवर बांधून घेतलेली आहे. बेत्तीनो (१८०९–१८८०) यांना लोक पोलादी बॅरन म्हणत. पहिले पंतप्रधान कावूर यांच्या मृत्यूनंतर १८६१ मध्ये ते एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि १८६६ मध्ये पुन्हा एकदा त्या पदावर आले. तथापि वाईनच्या जगात त्यांचे नाव राहिले आहे ते राजकारणामुळे नव्हे. कर्जात बुडालेली इस्टेट तरुणपणीच त्यांच्या गळ्यात पडली होती. ती सावरताना त्यांनी अनेक वर्षे द्राक्षांच्या जाती वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिल्या आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला. वाईनचा मुख्य गंध आणि जोर सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून येतो, कानायोलो तिचा कडकपणा मवाळ करतो, आणि मालवासिया हे पांढरे द्राक्ष लवकर प्यायच्या वाईनपुरतेच वापरावे, साठवून मुरवायच्या वाईनमध्ये ते टाळावे, असे त्याचे सार आहे.

या पत्राचे पुढे जे झाले ते शेतीमालाविषयी नियम करणाऱ्या कोणालाही विचारात पाडील. १९६७ मध्ये कियांती वाईनसाठी सरकारी नियम झाले, तेव्हा पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण १० ते ३० टक्के असणे बंधनकारक केले गेले. बेत्तीनोंनी घातलेली अट गळून गेली आणि पांढरी द्राक्षे मात्र राहिली. पातळ, फिकी कियांती जगभर गवताच्या विणीतल्या बाटल्यांतून स्वस्तात विकली जाऊ लागली. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण बरेच खाली आणले गेले आणि २००६ पासून कियांती क्लासिकोत, म्हणजे कियांतीच्या मूळ प्रदेशातल्या वाईनमध्ये, ती पूर्णपणे बंद झाली. आता किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. मधल्या काळात रिकासोली हे व्यापारी नावही घराण्याच्या हातून बाहेरच्या कंपन्यांकडे गेले होते. फ्रांचेस्को रिकासोली यांनी ते १९९३ मध्ये परत मिळवले आणि मळ्यांची नव्याने लागवड हाती घेतली. आठ-नऊ शतकांची अखंड परंपरा असे ज्याचे वर्णन होते, त्यात असा खंड पडला होता आणि तो कष्टाने भरून काढावा लागला, हे कळल्यावर माझा या जागेविषयीचा आदर वाढला.

किल्ल्याचा सगळा भाग पाहता येत नाही, कारण काही भाग घराण्याच्या खासगी वापरात आहे. बाग, तटावरची वाट, सान याकोपोचे छोटे चर्च व त्याखालचे घराण्याचे समाधीस्थान, आणि मनोऱ्यातले संग्रहालय एवढे पाहायला मिळते. संग्रहालय लहान आहे. शस्त्रांपेक्षा बेत्तीनोंच्या विज्ञानाच्या नादाशी संबंधित वस्तूंपाशी थांबावे, कारण ते पत्र कोणत्या वृत्तीच्या माणसाने लिहिले असेल, हे तेथे समजते.

आता आस्वादनाविषयी. मी ज्याला ब्रोलियोचे खरे वैभव म्हणेन, ते येथे आहे. आपल्याकडे वाईनची ओळख बहुधा गोड पोर्ट वाईनच्या बाटलीतून झालेली असते. नाताळात शेजारच्या घरून केकबरोबर आलेला तो छोटा पेला बहुतेकांच्या आठवणीत असतो. त्या चवीची अपेक्षा ठेवून सांजोवेझे प्यायल्यास पहिला घोट कठोर लागतो. रंग गडद नसतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला, तर मध्यभागी माणकासारखा तांबडा आणि कडेला विटकरीकडे झुकणारा पातळ पट्टा दिसतो. वासात आंबट चेरी, थोडे जांभळे फूल, वाळलेला पाला. तोंडात घेतल्यावर प्रथम आंबटपणा येतो, मग हिरड्यांवर आणि जिभेच्या कडांवर तुरटपणा चढतो, अर्धवट पिकलेले करवंद चावल्यावर चढतो तसा, आणि गिळल्यानंतरही तो बराच वेळ रेंगाळतो. हा तुरटपणा सालीतून व बियांतून उतरतो आणि त्याच्याच आधारावर ही वाईन वर्षानुवर्षे टिकते. ती जेवणाबरोबर घ्यायची वाईन आहे, नुसती बसून पिण्याची नव्हे, हे एकदा ध्यानात घेतले की तिचा कठोरपणा उपयोगी वाटू लागतो.

आस्वादनाचे प्रकार निवडलेल्या वाईननुसार बदलतात आणि त्याप्रमाणे दरही वाढत जातात. साध्या कियांती क्लासिकोपासून सुरुवात होते, पुढे रिझेर्वा येते, जी किमान २४ महिने मुरवावी लागते, आणि सर्वांत वर ग्रान सेलेत्सिओने हा वर्ग आहे, जो २०१४ पासून प्रचारात आला; त्यासाठी द्राक्षे केवळ स्वतःच्या मळ्यातलीच लागतात आणि किमान ३० महिने मुरवण्याची सक्ती आहे. माझा सल्ला असा, की येथपर्यंत आल्यावर सर्वांत स्वस्त आस्वादन घेऊन परतू नये. कोल्लेदिला, रोंचिकोने आणि चेनिप्रीमो या तीन वेगवेगळ्या मळ्यांच्या वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखायला मिळत असतील, तर तेच निवडावे. तिन्हींत द्राक्ष एकच, सांजोवेझे. बनवणारे हात तेच. फरक जमिनीचा. कोल्लेदिलाची जमीन चुनखडीची व चिकणमातीची, रोंचिकोनेची प्राचीन समुद्रतळाच्या गाळाची, तर चेनिप्रीमोची जुन्या नदीकाठच्या गाळाची. इस्टेटीने स्वतःच्या जमिनीचा तपशीलवार अभ्यास करवून घेतला आणि एवढ्याशा परिसरात एकोणीस प्रकारच्या माती वेगळ्या काढल्या. हे तीन मळे त्या अभ्यासाचे फळ होत. पहिली वाईन ताठ आणि लांबवर चालणारी, दुसरी अधिक भरीव व मोकळी, तिसरी वासाने नाजूक, असा फरक मला जाणवला. दुसऱ्या कोणाला तो वेगळ्या शब्दांत जाणवेल, परंतु फरक आहे याविषयी कोणाचेही दुमत होणार नाही.

मळ्यातून चालताना दोन दगड मुद्दाम हातात घेऊन पाहावेत. गालेस्ट्रो नावाचा दगड बोटांनी दाबला तरी पापुद्रे सुटतात आणि पावसापाण्याने त्याची माती होत जाते. आल्बेरेसे हा पांढुरका चुनखडीचा दगड मात्र कठीण व वजनदार असतो. दोन्हींतून पाणी झिरपून जाते, वेलीची मुळे खोल जातात, फळ कमी धरते आणि जे धरते ते दमदार असते. जांभ्याच्या चिऱ्यावर वाढलेल्या आपल्या काजूला हे तत्त्व नवे नाही. फरक इतकाच, की त्यांनी ते मोजले, लिहून ठेवले आणि बाटलीवर त्या मळ्याचे नाव घातले.

कियांती क्लासिकोच्या बाटलीच्या गळ्यावर चिन्ह म्हणून असलेल्या काळ्या कोंबड्याची गोष्ट तेथे बहुतेक सगळीकडे ऐकायला मिळते. फ्लॉरेन्स आणि सिएनाने सरहद्द ठरवण्यासाठी पहाटे कोंबडा आरवताच आपापला घोडेस्वार सोडायचा असे ठरवले. फ्लॉरेन्सने आपला काळा कोंबडा उपाशी ठेवल्यामुळे तो लवकर आरवला आणि त्यांच्या स्वाराने जवळजवळ सगळे कियांती जिंकले, अशी ती दंतकथा आहे. कागदोपत्री पुरावा मात्र १७१६ चा आहे. मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने त्या वर्षी फर्मान काढून कियांतीच्या सीमा आखल्या आणि विशिष्ट प्रदेशातल्या वाईनलाच ते नाव लावण्याची शिस्त घातली. आपल्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २००९ मध्ये. अंतर जवळजवळ तीनशे वर्षांचे आहे, पण विचार तोच आहे, आणि म्हणून गोव्याच्या माणसाने ही गोष्ट केवळ गंमत म्हणून ऐकू नये.

जेवण साधे आणि समाधानकारक आहे. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो. आपल्या पोदेराच्या पोळीची चव जिभेवर असलेल्याला तो पहिल्या घासाला अपुरा वाटतो, पण त्यावर हिरवट ऑलिव्ह तेल ओतले, खारट पेकोरिनो चीज ठेवले, की त्यात मीठ का नसते ते कळते. शिळा पाव, काळपट कोबी व पांढऱ्या वालांची रिबोल्लिता, टोमॅटो व पावाची दाट पाप्पा आल पोमोदोरो, हाताने वळलेल्या जाड शेवयांसारख्या पिची, हे सगळे मुळात कष्टकऱ्यांचे अन्न आहे आणि सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यालाही त्यात पोटभर मिळू शकते. मात्र रिबोल्लितात मांसाचा रस्सा घातला आहे का, हे विचारून घ्यावे, आणि काटेकोर शाकाहारी माणसाने हेही लक्षात ठेवावे, की पेकोरिनो बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेले असते. मांसाहाऱ्यांसाठी रानडुकराचा रस्सा आणि चिंता सेनेझे या पट्ट्याच्या डुकराचे पदार्थ आहेत. मासळीची आशा धरू नये. हा डोंगराळ मुलूख आहे आणि तेथल्या स्वयंपाकाचा पिंडच वेगळा आहे.

आमच्यासोबत आलेली मावशी वाईनला शिवत नाही. अशा माणसाला येथे आणावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत निघेल, म्हणून मुद्दाम लिहितो. तिच्यासाठी बाग होती, चर्च होते, आणि सर्वांत आवडले ते तेल. ताज्या ऑलिव्ह तेलाचा चमचाभर घोट घेतल्यावर क्षणभराने घशात मिरीसारखी झणझण उठते आणि खोकला येतो; ते तेल ताजे व सकस असल्याचे लक्षण असते. खोकला थांबल्यावर मावशी म्हणाली, “अरे, ह्या तेलाला जीव आहे,” आणि तिने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त प्रश्न विचारले: फळ केव्हा काढतात, किती तासांत घाण्यावर नेतात, सावलीत ठेवतात का. नारळाचे तेल घरच्या खोबऱ्याचे काढून आणणाऱ्या पिढीच्या माणसाला त्या मळ्यात पाहुण्यासारखे वाटत नाही. चढ आणि खडीची वाट यांमुळे गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र वेळ हाताशी ठेवून फिरावे.

मुक्कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पाहुण्यांच्या खोल्या किल्ल्याच्या आत नाहीत. त्या खाली, मळ्यांच्या बाजूला आहेत. राजवाड्यातल्या पलंगावर झोपण्याची कल्पना करून जाणाऱ्याने ती आधीच सोडून द्यावी. तेथील मोठे सुख असे, की सकाळी दिवसाच्या प्रवाशांच्या गाड्या येण्यापूर्वी मळ्यांतून मोकळेपणाने चालता येते, आणि सुगीच्या दिवसांत कामाला निघालेली माणसे व ट्रॅक्टर दिसतात. ही शेती आहे आणि ती आपल्या वेळेने चालते, हे तेथे राहिल्यावर पटते.

कियांतीत वाईनच्या मळ्यांवर राहण्याची सोय एवढी सर्रास कशी झाली, याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. शतकानुशतके टस्कनीत मेझाद्रिया नावाची अर्धेलीची पद्धत होती: जमीन मालकाची, कष्ट कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे, पीक अर्धे अर्धे. राहते घरही मालकाचेच असे, आणि कित्येक ठिकाणी घरातले लग्नसुद्धा मालकाच्या संमतीशिवाय ठरत नसे. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, हे शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. इटलीने १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. आपल्याकडचा कूळ कायदाही १९६४ चाच, आणि मुंडकार कायदा १९७५ चा. तिकडे महायुद्धानंतर कुळे शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली आणि डोंगरातली दगडी घरे ओस पडली. १९८५ मध्ये इटलीने कृषिपर्यटनाचा कायदा केला. शेतकऱ्याला घरात पाहुणे ठेवण्याची मुभा त्याने दिली, परंतु शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला पूरक असला पाहिजे, अशी अट घातली. ओस पडलेली कुळांची घरे पाहुण्यांची घरे झाली, ती या वाटेने. म्हणून कियांतीत कोठेही मुक्काम केला, तरी बॅरनांच्या गोष्टींबरोबर या घरांत पूर्वी कोण राहत होते, हेही मार्गदर्शकाला जरूर विचारावे. द्राक्षवेली ज्यांनी छाटल्या, त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर नाहीत.

कायद्यातली ती एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी या बाजूला मसाल्याच्या बागा पर्यटकांसाठी खुल्या आहेत आणि त्यांनी अनेक कुळागरांना तगवून धरले आहे, याविषयी मला कृतज्ञता आहे. पण बसमधून आलेल्या पाहुण्याला दालचिनीची साल, मिरीचा घड, फेणीचा एक घोट आणि केळीच्या पानावर जेवण एवढे देऊन परत पाठवले, की त्याला कुळागर समजत नाही. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाटांनी सुपारीच्या मुळाशी कसे नेले जाते, माड, पोफळ, केळ आणि मिरवेल एकमेकांच्या आधाराने कशी उभी राहतात, हे सांगायला कोणी थांबत नाही. सत्तरीतला आणि काणकोणातला हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, शेजारी शेजारी ठेवून चाखायला दिला, काजूचे बोंडू तुडवण्याच्या जागेपासून दारू गाळण्याच्या भाटीपर्यंत पाहुण्याला चालत नेले, आणि त्याच डोंगरावर चिऱ्याच्या घरात त्याची रात्रीची सोय केली, तर आपल्याकडे ब्रोलियोच्या तोडीचे सांगण्यासारखे निश्चित आहे. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आले, हे चांगलेच झाले. तथापि जमीन विकू नको असे सांगताना ती राखून पोट कसे भरावे, याचीही वाट दाखवावी लागते. ती वाट चालून पाहिलेले लोक कियांतीत भेटतात, आणि ते आपल्या प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात.

कार्यक्रमांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गायोलेत एरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. ती १९९७ पासून चालू आहे आणि जुन्या धाटणीच्या सायकली, लोकरीचे जर्सी व पांढऱ्या मातीचे रस्ते यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तिचा मार्ग ब्रोलियोच्या सायप्रसांच्या चढावरून जातो. त्या आठवड्यात आसपास खोली मिळणे कठीण असते, तेव्हा सायकलींची आवड असेल तर फार आधी नोंदणी करावी आणि नसेल तर तो आठवडा टाळावा. लग्नसमारंभांसाठी कियांतीतील अनेक किल्ले दिले जातात आणि गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या लग्नांना कंटाळलेली मंडळी तिकडे वळू लागली आहेत. दोन-अडीचशे पाहुणे, हळद, संगीत आणि पहाटेपर्यंतचा ध्वनिक्षेपक अशी कल्पना असेल, तर ती जागा त्यासाठी नाही; तीस-चाळीस जिवाभावाची माणसे आणि एक लांबलचक जेवण एवढेच हवे असेल, तर कियांतीसारखी जागा विरळा.

जाण्यासाठी मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा. ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि गर्दीही असते. द्राक्षांची काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. त्या दिवसांत तळघरांच्या आसपास आंबणाऱ्या रसाचा जो वास भरून राहतो, तो काजूच्या हंगामात भाटीजवळून जाताना येणाऱ्या वासाचा दूरचा नातेवाईक आहे. आस्वादन, फेरी आणि जेवण या तिन्हींची जागा आधी राखून ठेवावी, आणि दुपारच्या जेवणापूर्वीची वेळ घ्यावी, कारण तेव्हा जीभ ताजी असते.

परत येताना भारतात दरमाणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे दोन बाटल्या निश्चिंतपणे आणाव्यात. एक साध्या कियांती क्लासिकोची असावी, कारण रोजच्या जेवणाबरोबर तीच जास्त उपयोगी पडते, आणि दुसरी तुम्हाला सर्वांत आवडलेल्या मळ्याच्या ग्रान सेलेत्सिओनेची. ही दुसरी बाटली खरे तर दहा वर्षे ठेवण्यासारखी असते, पण गोव्याच्या उकाड्यात साध्या कपाटात ती टिकत नाही. बारा ते सोळा अंशांची कायम थंड जागा नसेल, तर ती एप्रिल-मेच्या आधीच उघडावी. तिखट शागुतीपुढे तिचा तुरटपणा जिभेला जड जातो, म्हणून तिच्यासोबत कमी मसाल्याचे, लसूण-मिरी लावून मंद आचेवर भाजलेले मटण करावे, आणि बाटली जेवणाच्या तासभर आधी उघडून वाईन रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी.